शर्यतीच्या मोटारीतील टर्बोचार्जरची जागा आणि निष्कास नलिकांची मांडणी : एक विवेचन

गोषवारा

शर्यतीच्या मोटारीत टर्बोचार्जर कोठे बसवावा आणि एंजिनातील निष्कास वायू त्याच्यापर्यंत कोणत्या मार्गाने न्यावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ एंजिन-अभियांत्रिकीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्याशी उष्मागतिकी, ध्वनितरंगांचे भौतिकशास्त्र, धातुविज्ञान, वायुगतिकी आणि स्पर्धेचे नियम अशा अनेक विषयांचा संबंध येतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नामागील तत्त्वे स्पष्ट करून १९७७ पासूनच्या काही निवडक उदाहरणांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, चाचणीकक्षात श्रेष्ठ ठरणारी मांडणी धावपट्टीवर श्रेष्ठ ठरेलच असे नाही.

बीजसंज्ञा : टर्बोचार्जर, निष्कास नलिका, प्रतिसाद-विलंब, व्ही-रचना, वायुगतिकी, विभक्त टर्बो.

१. प्रस्तावना

अंतर्ज्वलन एंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा निष्कास वायूंबरोबर बाहेर जाते. या वाया जाणाऱ्या ऊर्जेवर एक छोटी टर्बाइन फिरवावी, त्याच दंडावर बसविलेल्या संपीडकाने हवा दाबून एंजिनात भरावी आणि अशा रीतीने त्याच आकाराच्या एंजिनातून अधिक शक्ती मिळवावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने मांडली. तिचे पेटंट त्याला १९०५ मध्ये मिळाले. जहाजे, विमाने व मालमोटारी यांच्या एंजिनांत ही कल्पना स्थिरावली. फॉर्म्युला वन शर्यतींत मात्र ती १९७७ मध्ये, रेनॉ कंपनीच्या आरएस०१ या गाडीच्या रूपाने अवतरली.

आगबोटीच्या एंजिनकक्षात टर्बोचार्जर कोठे ठेवावा याची फारशी चिंता करावी लागत नाही, कारण तेथे जागा विपुल असते व एंजिन बराच काळ एकाच वेगाने चालते. शर्यतीच्या गाडीत नेमके उलट असते. एंजिन चालकाच्या पाठीमागे अरुंद जागेत दडपून बसविलेले असते आणि एका फेरीत चालक कित्येक वेळा प्रवेगकावरचा पाय काढतो व पुन्हा दाबतो. म्हणूनच येथे 'किती शक्ती' या प्रश्नाइतकाच 'ती किती त्वरेने' आणि 'ती मिळविण्यासाठी गाडीच्या आकाराची काय किंमत मोजावी लागली' हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. या तिन्ही प्रश्नांचा उलगडा बहुतांशी टर्बोचार्जरच्या जागेवर आणि नलिकांच्या मांडणीवर अवलंबून असतो.

२. निष्कास नलिकेतील भौतिकशास्त्र

निष्कास झडप उघडताच सिलिंडरमधील उच्च दाबाचा वायू झोताच्या रूपाने नलिकेत शिरतो. म्हणजे नलिकेतील प्रवाह संथ व अखंड नसून स्पंदांचा बनलेला असतो. या स्पंदांचा उपयोग दोन प्रकारे करता येतो. पहिल्या प्रकारात सर्व सिलिंडरांचे वायू एका मोठ्या पात्रात एकत्र करून त्यांचा दाब स्थिर होऊ दिला जातो व मग ते टर्बाइनला पुरविले जातात. दुसऱ्या प्रकारात नलिका आखूड व अरुंद ठेवून प्रत्येक स्पंद, त्याची धार बोथट होण्यापूर्वीच, टर्बाइनच्या पात्यांवर आदळविला जातो. पहिल्या प्रकारात टर्बाइन समगतीने व सुखाने चालते. दुसऱ्या प्रकारात ती त्वरेने जागी होते. शर्यतीच्या गाडीचा ओढा साहजिकच दुसऱ्या प्रकाराकडे असतो.

परंतु स्पंद एकमेकांच्या वाटेत येता कामा नयेत. चार फेऱ्यांच्या आवर्तनाच्या एंजिनात एक आवर्तन भुजादंडाच्या ७२० अंशांत पूर्ण होते. चार सिलिंडरांच्या एंजिनात दर १८० अंशांनी एक स्पंद निघतो. निष्कास झडप मात्र त्याहून अधिक काळ उघडी असते. परिणामी एका सिलिंडरचा जोरदार झोत शेजारच्या, नुकत्याच रिकाम्या होत असलेल्या सिलिंडरात उलटा शिरू शकतो. यावर उपाय म्हणून १ व ४ आणि २ व ३ या क्रमांकांच्या सिलिंडरांच्या नलिका वेगवेगळ्या जोडून त्या टर्बाइनच्या आवरणातील दोन स्वतंत्र मार्गांना दिल्या जातात. व्ही-रचनेच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनात ही अडचण निसर्गतःच कमी होते. एका बाजूच्या तीन सिलिंडरांचे स्पंद परस्परांपासून २४० अंशांवर ठेवता येतात, म्हणून प्रत्येक बाजूला एक टर्बोचार्जर ही मांडणी तेथे सोयीची ठरते.

नलिकेच्या लांबीचाही विचार करावा लागतो. सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाच्या निष्कास वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ६७० मीटर असतो. नलिका ६० सेंटिमीटर लांब असेल, तर दाबतरंगाला तिच्या टोकापर्यंत जाऊन परावर्तित होऊन परत येण्यास सुमारे १.८ मिलिसेकंद लागतात. एंजिन मिनिटाला १२,००० फेरे करीत असेल, तर एवढ्या अवधीत भुजादंड सुमारे १३० अंश फिरतो. परतणारा तरंग योग्य क्षणी आला तर सिलिंडर रिकामे होण्यास साह्य होते. चुकीच्या क्षणी आला तर अडथळा होतो. समान लांबीच्या, वळणदार व लांब नलिकांचा गुंता अभियंते हौसेने करीत नाहीत. त्यामागे हा हिशेब असतो. मात्र नलिका जितकी लांब, तितके तिचे आकारमान, पृष्ठफळ व वजन अधिक. तितकी उष्णता वाटेत अधिक गमावली जाते आणि स्पंदही तितकाच क्षीण होतो.

येथेच पहिला मूलभूत पेच उभा राहतो. सिलिंडर चांगले रिकामे व्हावेत यासाठी लांब नलिका हव्यात, तर टर्बाइनला ऊर्जा अधिक मिळावी यासाठी आखूड. दोन्ही एकाच वेळी पूर्णत्वाने साधत नाहीत.

३. एक टर्बोचार्जर की दोन?

१९७७ च्या ब्रिटिश ग्रां प्रीत, सिल्व्हरस्टोन येथे, झाँ-पिएर जाबुई याने चालविलेल्या रेनॉ आरएस०१ मध्ये १.५ लिटरचे, व्ही-रचनेचे सहा सिलिंडरांचे एंजिन व एकच टर्बोचार्जर होता. १९६६ पासूनच्या नियमांनुसार ३ लिटरचे साधे एंजिन किंवा १.५ लिटरचे दाबभरणयुक्त एंजिन वापरण्याची मुभा होती. दुसऱ्या पर्यायाचा टर्बोचार्जरच्या साह्याने लाभ घेणारी रेनॉ ही पहिलीच. गाडी वारंवार बंद पडे व वाफा आणि धूर सोडी, म्हणून तिला 'पिवळी किटली' असे उपहासाने म्हटले जाई. परंतु तिचा खरा दोष प्रतिसाद-विलंबाचा होता. चालकाने प्रवेगक दाबल्यानंतर टर्बाइनने पुरेसा वेग घेईपर्यंत शक्ती मिळत नसे आणि मग ती एकदम येई. वळणाच्या मध्यावर अशी शक्ती चालकाच्या उपयोगी पडण्याऐवजी त्याला संकटात टाकते.

१९७९ मध्ये आरएस१० या गाडीत रेनॉने एका मोठ्या टर्बोचार्जरऐवजी दोन लहान टर्बोचार्जर, प्रत्येक बाजूला एक, असे बसविले. या बदलामागील गणित सोपे आहे. चक्राचे जडत्व-परिबल त्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. प्रवाह निम्मा करावयाचा तर व्यास सुमारे ०.७१ पट होतो. अशा एका लहान चक्राचे जडत्व-परिबल मोठ्याच्या केवळ १८ टक्के भरते. परिघाची गती तीच राखण्यासाठी लहान चक्राला अधिक फेरे घ्यावे लागतात, हे लक्षात घेतले तरी दोन लहान चक्रांना कार्यवेगापर्यंत नेण्यास लागणारी एकूण गतिज ऊर्जा एका मोठ्या चक्राच्या सुमारे ७१ टक्केच असते. शिवाय दोन्ही बाजूंच्या नलिका आखूड होतात, त्या एंजिनाच्या एका बाजूकडून दुसरीकडे न्याव्या लागत नाहीत. त्याच वर्षी दिजाँ येथील फ्रेंच ग्रां प्री जाबुईने जिंकली. फॉर्म्युला वनमधील टर्बो-एंजिनाचा तो पहिला विजय होय.

यावरून दोन टर्बोचार्जर सदैव श्रेयस्कर, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. लहान टर्बाइनमध्ये पाती व आवरण यांच्यातील फट तुलनेने मोठी असते, त्यामुळे गळती वाढून कार्यक्षमता घटते. शिवाय नळ्या, जोड व उष्णतारोधक कवचे यांची संख्या दुप्पट होते. अमेरिकेतील इंडीकार स्पर्धेत २०१२ व २०१३ या दोन हंगामांत हे दोन्ही मार्ग समोरासमोर आले. २.२ लिटरच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनाला होंडाने एक, तर शेव्हरोलेने दोन टर्बोचार्जर जोडले होते. २०१२ मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत होंडाने चालणाऱ्या गाडीने जिंकली, तर हंगामाचे अजिंक्यपद शेव्हरोलेच्या चालकाने पटकावले. २०१३ मध्ये हे चित्र बरोबर उलटे झाले. २०१४ पासून सर्वांसाठी दोन टर्बोचार्जर सक्तीचे करण्यात आले. म्हणजे या वादाचा निकाल धावपट्टीने नव्हे, तर नियमावलीने लावला.

४. व्हीच्या आत की बाहेर?

व्ही-रचनेच्या एंजिनात सामान्यतः हवा व्हीच्या पोकळीतून आत येते आणि निष्कास वायू दोन्ही बाहेरच्या अंगांनी खाली जातात. टर्बोचार्जर मग एंजिनाच्या दोन बाजूंस बसतात. ही मांडणी उलटी करून निष्कास नलिका व टर्बोचार्जर व्हीच्या पोकळीतच ठेवता येतात. अशा रचनेत नलिका अत्यंत आखूड होतात व एंजिनाच्या बाजू मोकळ्या राहतात.

फेरारीने १९८१ मध्ये १२६सीके या गाडीत दुसरा मार्ग स्वीकारला. सिलिंडरांच्या दोन रांगांमधील कोन १२० अंश ठेवून निष्कास व्हीच्या आत घेण्यात आला. त्या काळी गाडीच्या तळाशी दोन्ही बाजूंना उलट्या पंखाच्या आकाराचे बोगदे ठेवून गाडी जमिनीकडे ओढून धरण्याचे तंत्र प्रचलित होते. तप्त नलिका वर गेल्या की या बोगद्यांच्या वाटेतील एक अडसर दूर होतो. किंमत मात्र निराळ्या रीतीने मोजावी लागते. टर्बोचार्जरचे वजन उंचावर गेल्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि एंजिनाच्या डोक्यावरच भट्टी पेटल्यासारखी स्थिती होते. प्रारण-उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. १,२०० केल्विन तापमानाचा पृष्ठभाग ९०० केल्विनच्या पृष्ठभागाच्या तिपटीहून अधिक उष्णता फेकतो. त्या हंगामात झील व्हिल्नव याने मोनॅको व स्पेनमधील हारामा येथील शर्यती जिंकल्या. हारामा येथे वळणांवर त्याची गाडी मागील चार गाड्यांपेक्षा मंद होती. सरळ पट्ट्यात मिळणाऱ्या शक्तीच्या आधारे त्याने त्यांना अखेरपर्यंत मागे रोखले. एंजिन श्रेष्ठ आणि गाडी दुबळी, या अवस्थेचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मॅक्लॅरेनचे रचनाकार जॉन बर्नार्ड यांनी नेमकी उलट दिशा धरली. पोर्शेकडून एंजिन घेताना 'आधी एंजिन, मग गाडी' हा प्रघात त्यांनी मोडला. एंजिनाची रुंदी किती असावी, निष्कास नलिका तळाच्या बोगद्यांच्या आड येऊ नयेत म्हणून किती उंचीवरून निघाव्यात, या अटी त्यांनी आधीच घालून दिल्या. त्यांनुसार हान्स मेत्सगर यांच्या पथकाने ८० अंशांच्या कोनाचे सहा सिलिंडरांचे एंजिन सिद्ध केले. १९८३ मध्ये सपाट तळाचा नियम आल्याने बोगदे गेले. तरीही एंजिनाचा आटोपशीरपणा गाडीच्या पाठीमागील भागाला निमुळता आकार देण्यास उपयोगी पडला. १९८४ च्या हंगामातील १६ पैकी १२ शर्यती या गाडीने जिंकल्या.

व्हीच्या आतील रचनेचे आणखी एक उत्तम उदाहरण डिझेलवर चालणाऱ्या आउडी आर१८ या गाडीत दिसते. तिच्या ३.७ लिटरच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनात १२० अंशांच्या व्हीमध्ये एकच टर्बोचार्जर बसविला होता आणि त्याच्या टर्बाइनच्या पात्यांचा कोन बदलता येत असे. डिझेल एंजिनाचे निष्कास वायू पेट्रोलच्या मानाने कमी तप्त असल्याने अशी हलती पाती तेथे टिकतात. २०११ ची ल मांसची २४ तासांची शर्यत या गाडीने १४ सेकंदांहूनही कमी अंतराने जिंकली. फेरारीला जी रचना जड गेली, तीच तीस वर्षांनंतर आउडीला तारक ठरली. इंधन, साहित्य व नियम बदलले की उत्तरही बदलते.

५. विभक्त टर्बो : २०१४ नंतरचा अध्याय

चार दशकांच्या या इतिहासात २०१४ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. १९८९ पासून बंदी असलेली टर्बो-एंजिने त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये परतली. १.६ लिटर, ९० अंशांच्या व्हीमध्ये सहा सिलिंडर, एकच टर्बोचार्जर आणि ताशी कमाल १०० किलोग्रॅम इंधनप्रवाह, अशी चौकट आखून देण्यात आली. टर्बोचार्जरच्या दंडाला एमजीयू-एच हे विद्युत यंत्र जोडण्याची मुभा होती. हे यंत्र टर्बाइनची अतिरिक्त शक्ती विजेत रूपांतरित करी आणि गरज पडताच दंडाला स्वतः फिरवून प्रतिसाद-विलंब नाहीसा करी. ताशी १०० किलोग्रॅम इंधन म्हणजे सुमारे १,२०० किलोवॅट उष्णता. तिचा एक तृतीयांश भाग निष्कासात जातो असे मानले तरी सुमारे ४०० किलोवॅटचा प्रवाह टर्बाइनच्या दारातून जातो. त्यातील प्रत्येक टक्का मोलाचा ठरला.

मर्सिडीझने टर्बाइन एंजिनाच्या मागे व संपीडक पुढे ठेवला. त्या दोहोंना व्हीमधून जाणाऱ्या लांब दंडाने जोडले आणि एमजीयू-एच मध्ये बसविले. यामुळे थंड हवा व तप्त वायू यांची फारकत झाली आणि संपीडकापासून शीतकापर्यंतच्या नळ्या आखूड झाल्या. मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत फिरू शकणारा लांब दंड कंपनाविना चालविणे ही मात्र कठीण कसोटी होती. त्याच वर्षी मर्सिडीझने समान लांबीच्या नलिकांचा त्याग केला. अत्यंत आखूड फाटे एका समाईक नळीत सोडणारी, ओंडक्यासारखी दिसणारी रचना त्यांनी वापरली. सिलिंडर रिकामे होण्यात काही उणेपणा आला. पण टर्बाइनकडे ऊर्जा अधिक पोहोचली आणि गाडीची पाठ सडपातळ झाली. त्या हंगामातील १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीझने जिंकल्या. २०१५ मध्ये त्यांनीच ती रचना सोडून पुन्हा लांब नलिकांकडे मोहरा वळविला. त्यांनी हा तोल एकदाच ठरवून कायमचा धरून ठेवला नाही, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे.

याउलट २०१५ मध्ये मॅक्लॅरेनसाठी होंडाने संपीडक व्हीच्या पोकळीत सामावण्याइतका लहान केला, जेणेकरून गाडीची पाठ अत्यंत निमुळती व्हावी. वायुगतिकीच्या दृष्टीने हा विचार आकर्षक होता. परंतु लहान टर्बोचार्जरमुळे निष्कासातील ऊर्जा पुरेशी परत मिळेना. त्या वर्षी संघांच्या क्रमवारीत मॅक्लॅरेन नववी आली. २०१७ मध्ये होंडाने ती मांडणी टाकून विभक्त रचना स्वीकारली. १९८१ च्या फेरारीत एंजिन बलवान व गाडी दुबळी होती. येथे गाडीच्या आकारासाठी एंजिनाचा बळी गेला. चुकीची दिशा विरुद्ध असली तरी धडा एकच.

६. टर्बाइननंतरचा प्रवास

टर्बाइनमधून बाहेर पडलेला वायूही निरुपयोगी नसतो. १९८३ मध्ये रेनॉने आरई४० या गाडीत निष्कास तळाच्या मागील विसारकात सोडून गाडीला अधिक खालच्या दिशेने ओढून घेतले. २०१० व २०११ मध्ये, टर्बोविरहित एंजिनांच्या काळात, रेड बुलने हे तंत्र परमोच्च बिंदूला नेले. त्यातील दोष असा की, चालकाने प्रवेगक सोडला की झोत मंदावतो आणि पकडीची सर्वाधिक गरज असते त्या क्षणीच ती घटते. त्यावर उपाय म्हणून पाय उचललेला असतानाही एंजिनातून झोत चालू ठेवण्याच्या युक्त्या योजल्या गेल्या. २०१२ पासून निष्कासाचे मुख वर व तळापासून दूर ठेवण्याचे बंधन आले आणि २०१४ पासून ते गाडीच्या मध्यरेषेवर गेले.

२०२६ च्या नियमांनी एमजीयू-एच वगळले आहे. विजेच्या साह्याने झाकला गेलेला प्रतिसाद-विलंब त्यामुळे पुन्हा समोर आला असून चक्राचा आकार, त्याचे जडत्व आणि नलिकांचे आकारमान हे १९७७ चेच प्रश्न नव्या पिढीच्या अभियंत्यांपुढे उभे आहेत.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी-संघ 'फॉर्म्युला भारत'सारख्या स्पर्धांसाठी दरवर्षी गाड्या तयार करतात. तेथे ७१० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल एंजिनाची सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या मुखातून घ्यावी लागते. सामान्य तापमानाला व दाबाला अशा मुखातून सेकंदाला सुमारे ७५ ग्रॅमपेक्षा अधिक हवा जाऊच शकत नाही, कारण तेथे प्रवाह ध्वनिवेगाला पोहोचून गुदमरतो. म्हणजे टर्बोचार्जर बसवूनही कमाल शक्तीची मर्यादा फारशी हलत नाही. बदलतो तो कमी फेऱ्यांवरील ओढीचा आकार. एवढ्या लाभासाठी वाढणारे वजन, उष्णता व गुंतागुंत परवडते काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आकडेमोड करूनच सोडविला पाहिजे. यंत्र, धातू, भौतिकशास्त्र व गणित या विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन मार्गदर्शन करावे, असा हा विषय आहे. एका विभागाच्या भिंतीआड तो शिकविल्यास विद्यार्थ्याच्या हाती उत्तराचा एखादाच तुकडा पडेल.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) निष्कास नलिकेची लांबी, आकारमान व जोडणी यांत सिलिंडरांचे हित आणि टर्बाइनचे हित परस्परविरोधी असते. रचनाकार त्यांत तोल साधतो, विरोध नाहीसा करीत नाही.

(२) टर्बोचार्जरची संख्या व जागा यांबाबत सर्वकाळी लागू पडणारे उत्तर नाही. इंधन, साहित्य आणि नियम यांनुसार ते बदलते.

(३) १९८१ ची फेरारी व २०१५ ची मॅक्लॅरेन-होंडा या दोन उदाहरणांत एका अंगाला दिलेले अवाजवी प्राधान्य दुसऱ्या अंगाला भोवले. १९८४ ची मॅक्लॅरेन व २०१४ ची मर्सिडीझ यांत एंजिन आणि गाडी यांचा विचार आरंभापासून एकत्र झाला.

सारांश, टर्बोचार्जरची जागा ठरविताना एंजिनाची शक्ती, गाडीचा आकार आणि चालकाला मिळणारा प्रतिसाद यांचा हिशेब एकाच कागदावर मांडावा लागतो. हे ज्या पथकांना साधले, त्यांच्याच वाट्याला यश आले.